पॉलिश करून आणलेली अंगठी

मैत्रिणींनो, या ग्रुपवर माझ्या माहेरचं कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

रविवारी भाच्याचा साखरपुडा आहे. आज दुपारी वहिनी, भाचा आणि मी अंगठी घ्यायला शिरूरला गेलो. त्याची होणारी बायको सोनाली निमोण्याहून येणार होती. ती यायच्या आत वहिनी म्हणाल्या, "वन्सं, अंगठी घरचीच हाय. वरवंडच्या पोरीची. पॉलिश करून सोनाराकडं ठिवलीय."

त्या मुलीच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा भाच्याचं तिच्याशी ठरलेलं लग्न आम्हीच मोडलं होतं. अंगठीही मागून आणली होती.

"वहिनी, सोनालीला सांगायला नको का?"

"कशाला? बजेटमधी बसतंय ना? आन् सोनं कवा उष्टं होतं व्हय?"

दुकानात सोनालीने दोन नाजूक अंगठ्या उचलल्या. वहिनींनी किंमत विचारून त्या परत ठेवायला लावल्या. मग सोनाराने 'ती' पुढे केली. ती तिच्या बोटात ढिली झाली. भाचा माझ्या कानाशी हसला, "पहिलीचं बोट जाड हुतं, आत्या."

सोनाली मात्र खूश. हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "आत्या, तुम्ही सांगा. तुमच्या लेकीला घेतली असती का ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

आत्ता तिने स्टेटस ठेवलंय. अंगठीचा फोटो आणि खाली, "आत्यांची पसंती."

तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही काय केलं असतं? "आपल्याला काय करायचंय" असं मात्र लिहू नका. ते मी आज करून आले.