अठरा पावलं

जुन्या पेठेच्या नळांना पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे नकाशाकाका म्हणत. गंमत म्हणजे काकांनी जन्मात नकाशा काढला नव्हता. रस्त्याखालचे बासष्ट व्हॉल्व्ह त्यांच्या डोक्यात होते. नोकरीला लागले तेव्हाच त्यांनी ते पावलांनी मोजून ठेवले होते: रंगाऱ्यांच्या ओट्यापासून अठरा, तांबटांच्या कमानीपासून नऊ. पुढे रंगारी गेले, तांबट गेले. त्यांच्या घरांत आता पाहुण्यांना भाड्याने खोल्या मिळतात आणि ओट्यावर महागडी कॉफी. रस्त्यावर गुळगुळीत फरशी आली. रोजचे चार-पाच व्हॉल्व्ह सोडले तर बाकीची झाकणं तिच्याखाली गडप झाली. इंजिनिअरने तीनदा नकाशा मागितला. काका कपाळावर बोट ठेवून हसायचे. नकाशा दिला की आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

एका सकाळी रंगारी आळीतला पाइप फुटला आणि पाणी शिरलं ते नेमकं त्यांच्या वहिनीच्या तळघरात. भाऊ गेल्यापासून ती तिथे एकटीच पुस्तकं बांधायची. वाचनालयाची चारशे पुस्तकं तिच्याकडे शिलाईला आलेली होती.

"भावोजी, पाणी बंद करा हो! खालची फळी बुडाली!"

"दोन मिनिटं, वहिनी."

काकांनी ओट्याला टाच लावली, अठरा पावलं टाकली. "इथे खणा."

फरशी उखडली. खाली नुसता चिखल. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच आले.

"काका, नक्की इथेच?" इंजिनिअरने विचारलं.

"चाळीस वर्षं काय गोट्या खेळलो मी?" काका खेकसले. आणि ते पुन्हा ओट्याकडे वळले.

वहिनी भिजलेले गठ्ठे छातीशी धरून वर आली. काका तिसऱ्यांदा मोजत होते. "गुडघे धरल्यापासून किती बारीक पावलं टाकता हो," ती कळवळून म्हणाली. "पूर्वी तुमच्यामागे ह्यांना पळावं लागायचं."

काका जागीच थांबले. मग ओरडले, "पुढे खणा! आणखी आठ-दहा हात पुढे!"

चर खणता खणता व्हॉल्व्ह सापडला, तोवर तिसरी फळी गेली होती.

दुपारी काकांनी ओट्यावर बसून बासष्ट ओळी लिहून दिल्या. समोर वहिनी एकेक पान सुटं करून उन्हात घालत होती. तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

इंजिनिअरने कागद वाचला. "काका, पावलं कुणाची धरायची?"

"होता एक विशीतला, माझ्याच नावाचा," काका म्हणाले. "तोही गेला पेठ सोडून."