स्थानिक भरती

"कुत्र्यासाठी आणतो ते मटण धरलंस ना त्यात?" दारातून डोकावत साहेबांच्या बायकोने विचारलं.

"धरलंय. हळू बोल," खर्चाची यादी करता करता साहेब म्हणाले.

मी टाइपरायटरवर मान खाली घालून बसले होते. ऑफिसात मी जवळजवळ बोलतच नसे, त्यामुळे मला ऐकूही येत नाही असं बरेच जण धरून चालत.

सत्तरीच्या दशकाची अखेर होती. बहरीनमधून इंग्रजांचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. राजधानी मनामातल्या आमच्या ऑफिसच्या दारावरची पाटी बदलली होती, आतले साहेब आणि नियम तेच होते. त्यातला एक नियम महागाई भत्त्याचा. लंडनमध्ये साहेब जसा राहिला असता तसंच इथे राहायला जे जास्तीचं लागेल, ते पगाराव्यतिरिक्त त्याला मिळायचं. किती, हे ठरवायला अधूनमधून लंडनहून एक अधिकारी येई आणि दुकानांत फिरून भाव बघे. तो यायचा झाला की मेमसाहेब सगळ्या एकदम विलायती मालाच्या सर्वांत महागड्या दुकानात, कोल्ड स्टोअरमध्ये, खरेदीला जायला लागत, म्हणजे भाव तिथलेच धरले जावेत. आमचा मल्याळी अकाउंटंट म्हणायचा, "इस बार जाम का भाव बढ़ेगा, इंशाल्ला." बाबा तोंडावर रुमाल धरून हसायचे.

बाबा त्याच ऑफिसात हेडक्लार्क. त्यांना हा भत्ता नव्हता, घरभाडंही नव्हतं. मुंबईत एजंटमार्फत भरती होऊन आलेल्यांना घरभाडं आणि रजेचं तिकीट मिळे. बाबा मात्र तरुणपणी स्वतःच्या पैशाने बोटीचं तिकीट काढून आले होते. आपण यांना फुकटात पडलो, तर साहेब खूश होईल असं त्यांना वाटलं. मुलाखतीत त्यांनी ते छाती काढून सांगितलं. साहेब खूश झालाही. त्याने बाबांना 'स्थानिक भरती'त घेतलं, आणि मालवणजवळच्या एका खेड्यातला माणूस कागदोपत्री बहरीनचा झाला. जो इथलाच, त्याला परक्या मुलखाची महागाई कशी लागणार? तिकिटाची ही गोष्ट बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. पुढे कधीतरी ती सांगायची त्यांनी बंद केली.

त्या वर्षी मनामाच्या झिंज भागातल्या आमच्या घरमालकाने भाडं एवढं वाढवलं की बाबांचा आणि माझा पगार मिळूनही ते झेपेना. बाबांनी घरभाड्यासाठी अर्ज केला. लंडनचा अधिकारी येईल तेव्हा जुन्या क्लार्कांचंही बघेल, असं साहेब म्हणाले होते. नाही झालं तर आई आणि धाकटा भाऊ गावी जाणार, आणि बाबा नि मी कुणाच्या तरी घरात एक खोली घेऊन राहणार, असं ठरलं. म्हणजे बाबांनी ठरवलं.

"माका काय, मी जातंय," आई मासे कापता कापता म्हणाली. "तुमच्या जेवणाचा काय?"

"We'll manage," मी म्हटलं.

"मॅनेज करतली म्हणे! भात लावूक येता तुका?"

आमचं असंच चाले. ती मालवणीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि दोघींना सगळं कळायचं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या अरब बाईशी मात्र ती अरबीत बोलायची, हातवारे करून, चुकीचं, पण न अडखळता. त्या बाईनेच तिला माशाच्या कालवणात काळं वाळवलेलं लिंबू घालायला शिकवलं होतं. मासळीबाजारात आई भाव ऐकून "खलास!" म्हणत पाठ फिरवायची आणि मासळीवाला हसत हसत तिला परत बोलवायचा. आम्हा चौघांत इथली खरी कोण झाली असेल, तर ती.

लंडनचा अधिकारी आला. वयस्कर, मऊ आवाजाचा गृहस्थ. भाव टिपून घ्यायला कोणीतरी हवं म्हणून साहेबांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं.

आदल्या संध्याकाळी बाबांनी मला बजावलं, "तू तोंड उघडू नको हां. लंडनचो सायब चांगलो आसा, तो बघतलो."

माणूस खरंच चांगला होता. दुकानात तो बारकाईने बघायचा, महागातली डबी ठेवून मधली उचलायचा. गाडीत मला समजावून सांगायचा. उकाड्यामुळे कपडे लवकर खराब होतात, ते धरायचं. मुलं तिकडे शाळेत असतात, त्यांच्याकडे जाण्यायेण्याचं धरायचं. परक्या जागी माणसाला एकटं वाटतं, तो लोकांना जेवायला बोलावतो, मग तेही धरायचं. एकटं वाटण्याचाही खर्च असतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्याकडे कोणी तो कधी मोजलाच नव्हता.

मासळीबाजारावरून गाडी गेली. "इथे आपले लोक येत नाहीत ना?" त्याने विचारलं. मी 'नाही' अशी मान हलवली. आई आत्ता आत असेल, हे मला माहीत होतं. तिला गावी जावं लागेल हे सांगायचं तर आत्ताच, असं वाटलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, आणि बाजार मागे गेला.

काही आठवड्यांनी निकाल आला. साहेबांचा भत्ता वाढला. साहेबांच्या बायकोला उन्हाळा सोसत नसे, ती इंग्लंडला राहिली तर दोन घरं चालवण्याचंही जास्तीचं मंजूर झालं. बाबांच्या अर्जाला साहेबांनी तोंडी उत्तर दिलं. स्थानिक भरतीच्या लोकांना घरभाडं लागू नाही. सॉरी.

"यस सर," बाबा म्हणाले, आणि जागेवर येऊन पेन्सिलला टोक काढत बसले.

आईने सामान बांधलं. खालची म्हातारी वर आली, आईचे दोन्ही हात धरून बराच वेळ बसून राहिली. मुहर्रक बेटावरच्या विमानतळावर भाऊ विमान बघायचं म्हणून पुढे पळाला. आईने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "आता तरी मराठीत पत्र लिही गो बाय. तुझा इंग्लिश माका वाचून कोण दाखवतला?" मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. काच मधे आली. तिने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि मग भावाचा हात धरून चालत गेली.

मुहर्रकहून परतताना पुलावर बाबा एकदाच बोलले. "खोली बरी आसा ती. किचन वापरूक देतले."

मला भात लावायला आला. कालवण काही जमलं नाही. काळी लिंबं मी आणली, पण किती घालायची ते विचारायला कोणी नव्हतं, आणि बाबा पानात पडेल ते निमूट खायचे. आईची मालवणी ऐकू येत नसे, त्यामुळे माझं इंग्रजीही कोणाला उत्तर देत नव्हतं.

एका दुपारी साहेब बाबांच्या टेबलाशी थांबले. बायको नुकतीच इंग्लंडला गेल्यामुळे ते जरा मोकळे, बोलके झाले होते. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून आपुलकीने म्हणाले, "तुमचं बाकी बरं झालं. बायकोला घरी पाठवलंत. खर्च कमी, आणि तीही आपल्या माणसांत."

बाबा उठून उभे राहिले. "यस सर."

अकाउंटंटने कागदातून मान वर केली नाही. माझे हात टाइपरायटरवर थांबले. मी उभी राहिले, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांना कळेचना की मला काही बोलायचं आहे. बाबांना कळलं. त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"ती घरी नाही गेली, सर," मी म्हटलं. "तिचं घर इथे होतं."