घासून नव्हे, फोडून

धारवाल्या ताईंच्या हातून बोथट गेलेलं पातं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी चाक फिरवायला सुरुवात केली, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानाशेजारीच आपली टपरी थाटली. कात्री असो, सुरी असो की न्हाव्याचा वस्तरा, त्या बोटाचं नख पात्यावर अलगद टेकवायच्या आणि चाक थांबवायच्या. धार म्हणजे घासणं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टपरीमागे नळाचा पाइप टाकायला खड्डा खणला, तेव्हा मातीतून पानाच्या आकाराची एक काळपट गारगोटी निघाली. ताईंनी ती सवयीनं नखावर टेकवली आणि दचकून हात मागे घेतला. नखाची साल निघाली होती.

त्या ती गारगोटी घेऊन संग्रहालयात गेल्या. तिथल्या बाईंनी ती भिंगाखाली धरून उलटसुलट फिरवून पाहिली.

"सुरी आहे ही," शेवटी त्या म्हणाल्या. "लोखंड, तांबं, काहीच माहीत नव्हतं तेव्हाची."

"मग हिला धार कशावर लावली?"

"लावली नाही, ताई. फोडली. एका ठोक्यात अशीच निघाली."

ताई घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून नदीकाठच्या गारगोट्या आणून त्या परसात ठोकत बसू लागल्या. कधी दगडाचा भुगा व्हायचा, कधी बोटाचा. नणंद हसून लोटपोट व्हायची. "वहिनी, पोलाद संपलं का जगातलं?" नवरा कापडाच्या चिंध्या फाडून त्यांच्या बोटांना बांधायचा. पावसाळा सरला, थंडी आली, तरी ताईंचं खूळ काही उतरेना.

एका दुपारी ठोक्याचा आवाज निराळाच आला, काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा. दगडाची एक कपची सुटून मांडीवर पडली. ताईंनी ती उन्हात धरली. कडेच्या आरपार ऊन दिसत होतं.

नवऱ्यानं कोटाचं जाड कापड पुढे केलं. कपची नुसती फिरली, आणि कापड दोन्हीकडे गळून पडलं. कात्रीसारखा कच्‌ असा आवाजसुद्धा नाही.

"बाई गं," नणंद हळूच म्हणाली, आणि पुन्हा कधी ताईंना हसली नाही.

ताईंनी दुसरी कपची काढायचा खूप प्रयत्न केला. जमली नाही. मग त्या परत संग्रहालयात गेल्या. त्यांनी तिथं ठेवून दिलेली सुरी आता काचेमागे होती, तिच्याशेजारी तांब्याची, मग लोखंडाची. तांब्याचं पातंही हुबेहूब त्या दगडी पानासारखंच घडवलेलं होतं. म्हणजे धातू हाती आला, तरी माणसाच्या डोळ्यांपुढे ती गारगोटीच होती.

"जेवढा वेळ हवा तेवढा थांबा," बाई म्हणाल्या.

"मला एक कपची निघाली, तर घरात सण झाल्यासारखं झालं," ताई काचेवरची नजर न काढता म्हणाल्या. "ही सुरी करणाऱ्याला रोज काढायची होती. नाही निघाली, तर मुलं उपाशी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. रडू का येतंय, ते त्यांनाही कळलं नाही. दिवे मालवायची वेळ होईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.