गॅलरीतलं विमान

ट्रेनिंगचे किस्से आणि सिंकखालच्या कॅरीबॅग्ज, दोन्हींचा स्वभाव एकच. एक ओढली की सात बाहेर येतात. परवा घरी मैत्रिणी जमल्या होत्या. एकीने सहज विचारलं, "यार, विमान शिकताना भीती नाही वाटत?" झालं! पुढचे दोन तास माझी टकळी थांबली नाही.

भीती वाटते ना, बिल्कुल वाटते. पण विमानाची नाही, एअरफोर्स अकादमीतल्या आमच्या सरांची. एकटीने पहिल्यांदा उडायचं, म्हणजे सोलो करायचं, तर त्याआधी टेस्ट असते. सर मागच्या सीटवर बसतात. पास झालात तर ते खाली उतरतात आणि तुम्ही एकट्याने उडता.

माझ्या टेस्टमध्ये मी सगळं छान केलं. फक्त लँडिंगच्या आधी विमानाची चाकं खाली काढायला विसरले. मागून सर अगदी थंडपणे म्हणाले, "मॅडम, पहिये घर छोड़ आयी हो क्या?"

नापास! दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एक चान्स मिळणार होता. तो हुकला की बॅग भरून कायमचं घरी. आणि इकडे दिल्लीत बाबांनी मिनिस्ट्रीतल्या अख्ख्या सेक्शनला माझ्या सोलोचे पेढे आगाऊ वाटून टाकलेले.

*

आमच्यात चेअर फ्लाइंग म्हणून एक प्रकार असतो. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, विमानाचा दांडा समजून हातात काठी धरायची आणि अख्खं उड्डाण तोंडाने करायचं. सुट्टीला आल्या आल्या मी आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, आईचं लाटणं घेतलं आणि टेक-ऑफ केला. वळण आलं की डावीकडे कलायचं, मग सरळ व्हायचं, आणि सगळा वेळ पुटपुटत राहायचं.

समोरच्या ब्लॉकमधल्या आंटी दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किसी को दिखा लो. अभी उमर कम है, ठीक हो जाएगी." वर एक लाल धागाही दिला.

आईने तो लाटण्याला बांधला.

*

आमची आई गप्प बसणाऱ्यातली नाही. उतरायच्या आधी टॉवरची परवानगी घ्यावी लागते म्हटल्यावर टॉवर तीच झाली. चाकं नीट खाली आली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. मी गॅलरीतून ओरडायची, "आई, तीन हिरवे. उतरू का?"

स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "थांब, कुकरच्या दोन शिट्ट्या राहिल्यात."

मग काय, मारा घिरट्या! छोल्यांच्या दिवशी मी अकरा मारल्या. आणि 'तीन हिरवे' म्हणायचं राहिलं तर टॉवर उत्तरच द्यायचा नाही. एकदा तर जेवायलाही वाढलं नाही.

*

बाबा पडले सरकारी माणूस. इंजिन, चाकं, दिवे असे एकेक तपासायचे माझे तोंडी चेक त्यांना पटेनात. त्यांनी फाइल उघडली. प्रत्येक चेकसमोर माझी सही, शेजारी त्यांची. एके सकाळी माझं इंजिन पाऊण तास सुरूच होईना, कारण बाबा आंघोळीला गेले होते. मी निघायच्या दिवशी त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावर 'उड्डाणास हरकत नाही' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि फाइल कपाटात कुलूपबंद केली.

*

सवय वाईट! वळायच्या आधी बाहेर बघून मोठ्याने 'लेफ्ट क्लिअर' म्हणायचं, हे अंगात इतकं भिनलं होतं की सरोजिनी नगर मार्केटला जाताना ऑटोतही म्हणून गेले. ड्रायव्हर भैयाने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वळणाला त्याने स्वतः बघायचंच सोडून दिलं आणि मला विचारलं, "मॅडम, राइट का क्या हाल है?"

मार्केट येईपर्यंत मी त्याला वाट दाखवत होते. उतरताना म्हणाला, रोज याच वेळेला येत जा.

*

सुट्टी संपली. अकादमीत परतल्यावर चौथ्या दिवशी टेस्ट झाली. चाकं वेळेवर निघाली. जमिनीवर आल्यावर सर मागचे पट्टे सोडून उतरले आणि हातानेच 'जा' म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. टॉवरवरच्या साहेबांना आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. रेडिओवर नुसता कडक आवाज, ताठ इंग्रजी, एक शब्द जास्तीचा नाही. एकाने एकदा त्यांना सवयीने 'गुड मॉर्निंग, सर' म्हटलं, तर त्याला संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आणि कोणाचं सोलो असलं की पोरं, सर, सगळे खाली रेडिओभोवती जमून ऐकत असतात.

वर गेले तोवर ठीक होतं. उतरायला वळले आणि मागची रिकामी सीट आठवली. हात आपोआप चालले. चाकं खाली. एक, दोन, तीन दिवे लागले. मी रेडिओचं बटण दाबलं आणि तोंडातून निघून गेलं,

"आई, तीन हिरवे. उतरू का?"

खाली सगळ्यांनी ऐकलं होतं. गेलं ट्रेनिंग, मी मनात म्हटलं, आता बाबा पेढे परत मागत फिरणार.

मग तोच कडक आवाज आला.

"उतर गं बाळा. वारा डावीकडून आहे."