पायऱ्यांच्या विहिरीवरचा पाणक्या

मला सरकारी नोकरी मिळाली ती पाणी ओढल्यामुळे, असं सांगितलं की लोक हसतात. साताऱ्याच्या दुष्काळी पूर्व भागात एका गावी मी ग्रामसेवेचं काम करणारा पूर्णवेळ सेवक होतो. पगार नाही, जेवण वार लावून, रोज एका घरी. गावाला एकच पायऱ्यांची विहीर. बायका पाण्यात उतरून घागरी भरत आणि दरसाल कुणाच्या तरी पायातून नारू, म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा, निघे. पाण्यात पाय घालू नका, पायातला नारू पाण्यात पसरतो आणि तेच पाणी सगळ्यांच्या पोटात जातं, म्हणून सांगताना माझं तोंड दुखलं. शेवटी वैतागून मीच वरच्या पायरीवर उभा राहून बादलीने सगळ्यांना पाणी ओढून देऊ लागलो. गावाने मला पाणक्या म्हणून चिडवलं, पण पाण्यात उतरणं थांबलं.

स्वातंत्र्य आलं. आरोग्य खात्यात माणसं घेत होते आणि खेड्यात सेवा केलेल्यांना आधी विचारत. माझा पाय निघेना. शनिवारी जिच्याकडे जेवायचो ती मेंढरं राखणारी म्हातारी चावडीपुढे म्हणाली, "जा रं लेकरा. हितं दोर वडून जल्म काडतोस व्हय? सायेब हो, आन् हिरीला कट्टा बांदून दे."

नेमणूक झाली सांगलीत. हळदीच्या पेठेतली गटारं तपासायची आणि त्या विहिरीसाठी वरच्या साहेबांच्या मागे लागायचं, यात दोन उन्हाळे गेले. एकदाची मंजुरी आली. पायऱ्या बुजवल्या, कट्टा झाला, रहाट बसला आणि गावाने मला बोलावून हार घातला.

म्हातारी दिसली नाही म्हणून तिच्या घरी गेलो. तिथे कळलं, मी गाव सोडल्यावर एकाने चार दिवस पाणी ओढलं, मग तो शेताच्या कामाला लागला आणि बायका पुन्हा पाण्यात उतरल्या. म्हातारीच्या घोट्यातून नारू निघाला, ओढताना तुटला. पाय पिकला आणि आखडला तो कायमचा. मेंढरं विकून टाकावी लागली.

"मावशी, मी जायलाच नको होतं," मी म्हणालो.

"आन् कट्टा कुनी बांदला असता? मीच धाडलं न्हवं तुला? आता पोरीबाळींच्या पायाला भ्या न्हाई. माजं सोड."

परतताना विहिरीवर पोरींची झुंबड उडाली होती. सगळ्यांचे पाय कोरडे होते. ज्यासाठी नोकरी धरली ते डोळ्यांपुढे होतं, आणि मला काही केल्या आनंद होईना.