रॅम्प खाली, वर्ग वर

आमच्या भागातले शाळांचे रॅम्प बघायला खरं तर परदेशातून माणसं यायला हवीत. एक रॅम्प बंद दारापाशी संपतो, एक थेट मुतारीत जातो, आणि एक तर असा खडा की त्यावरून चाकाची खुर्ची सोडली तर ती पोलादपूरचा स्टँड ओलांडून घाट चढूनच थांबेल. सरकारी भाषेत मी दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका, गावात 'स्कूटीवाली मॅडम'. महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर माझे मणके इतके ठिकठिकाणी सांडलेत की आता माझ्यासाठीच कुणीतरी विशेष शिक्षिका नेमावी.

सावित्री नदीकाठच्या एका हायस्कुलातला रॅम्प मात्र खरंच देखणा. रुंद, दोन्ही बाजूंना पाइपाचा कठडा. तो तळमजल्यावरच्या मोठ्या हवेशीर खोलीत जातो, आणि त्या खोलीत कुणीही बसत नाही. मोठ्या पुरात तिथे पंख्यापर्यंत पाणी होतं; भिंतीवर रेघ अजून आहे. तेव्हापासून आमच्याकडे जे जे मोलाचं ते वर जातं. घरातला तांदूळ माळ्यावर, दुकानातला माल वरच्या फळीवर, शाळेतले कॉम्प्युटर, कपाटं आणि पोरं पहिल्या मजल्यावर. रॅम्प तेवढा कुणाला उचलून वर नेता आला नाही.

त्या शाळेतली एक मुलगी नववीत गेली. जन्मापासून पाय ताठ. सपाटीवर वॉकर घेऊन मजेत चालते, जिना मात्र जमत नाही. गणित असं पक्कं की बाजारातले भाजीवाले तिला लांबून बघून गाडी वळवतात. आठवीपर्यंत आई तिला रोज पाठीवर घेऊन जिना चढली-उतरली. नववीत पोर आईच्या उंचीची झाली आणि आईची कंबर गेली.

"मॅडम, आता तिला घरूनच शिकू द्या," मुख्याध्यापक म्हणाले. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. "तुम्ही आठवड्यातून एकदा जाताच की."

"सर, एकदा गेलं की चहा-पोह्यातच तास संपतो. शिकवू कधी?"

मुलीने तर साफच सांगितलं, "मला घरी नको. घरी बकरी नि टीव्ही. दोघं पण आपलंच बोलतात."

तिला वर्गात बसायचं होतं, बाकीच्यांबरोबर. एवढंच. त्या एवढ्याशासाठी मी एक थाप ठोकली. अलिबागहून जिल्ह्याचे मोठे साहेब रॅम्प बघायला निघालेत म्हटलं, वापर नसेल तर जागेवर जाब विचारतात, मागच्या शाळेत एक सर चक्कर येऊन पडले. साहेबांना मी मिशाही लावल्या.

पुढच्या फेरीला गेले तर रॅम्प धुतलेला, खोली झाडलेली, दाराशी रांगोळी. आत मधोमध एक बाक आणि त्या बाकावर ती. एकटी. नववीचा वर्ग होता तिथेच, वर.

"झाली सोय, मॅडम!" मुख्याध्यापक खुशीत होते. गणिताचे सर वरचा तास संपला की खाली येऊन फळ्यावर उत्तरं लिहून जायचे.

मी तिच्या शेजारी बसले. "कसं वाटतंय गो?"

तिने छताकडे बोट केलं. "वर हसतात ते ऐकू येतं. कशाला हसले ते कळत नाय."

मग मात्र मी पालकसभाच बोलवायला लावली. वर्ग खाली आणा, म्हटलं. मागच्या रांगेत एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेले एक वडील पेंगत होते, ते खडबडून जागे झाले. "नि पाणी आलं तर?"

या प्रश्नावर आमच्याकडे कुणी विनोद करत नाही, मीसुद्धा.

मुलीची आई कंबर धरून उठली. "पाणी आलं तर पयली माझीच पोर बुडंल. तुमची वर वाचतील. तिला एकटीला खाली बशिवलीत, तवा पाणी कोणाला आठवला नाय?"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. शेवटी ठरलं, पावसाळा पूर्ण सरला की दिवाळीनंतर अख्खी नववी खाली. आणि तोवर? तोवर तिने खाली बसणं धोक्याचं, हे आईनेच तर सिद्ध केलं होतं. आई जिंकली आणि पोर त्याच दिवसापासून घरी बसली. बकरीने त्या दिवसांत अर्धा अभ्यासक्रम पुरा केला असणार.

दिवाळीनंतर मात्र बाकं खाली आली. पोरांनी कुरकुर केली, वर वारा छान यायचा म्हणे. ती तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. पहिल्याच आठवड्यात तासाला बोलते म्हणून गणिताच्या सरांनी तिला बाकावरून उठवून वॉकर धरून उभी केली. मी गेले तेव्हा सर तक्रार करत होते आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

वार्षिक परीक्षा झाली. सुट्टीआधी पोरं बाकं पुन्हा वर चढवायला लागली. जून जवळ आला की खाली काही ठेवायचं नाही, ही इथली रीत. ती कठड्याला टेकून बघत उभी होती. सगळी बाकं गेली, खिडकीजवळचं राहिलं.

"हे असू द्या खाली," मुख्याध्यापक सर म्हणाले. "तिला लागेल."

"नाय, सर. ते पण वर न्या," ती म्हणाली. "दहावी वरच हाय ना?"

पोरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. मी तरी कुणाकडे बघणार? पोरांनी बाक उचललं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तिने खालून ओरडून सांगितलं कसं तिरकं करायचं ते, आणि ते वर गेलं.