अडॅप्टरच्या चौकटीतली खूण

काचीगुड्याच्या आमच्या घरात वायरलेस इंटरनेट आलं ते माझ्या नोकरीमुळे. परदेशातले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून रेकॉर्ड करायचे. ती ऐकून मी टाइप करायची आणि ऑफिसला पाठवायची. त्या वर्षांत हैदराबादेत अशी ऑफिसं गल्लोगल्ली निघाली होती. आमच्या ऑफिसनं घरून काम करणाऱ्या आम्हा बायकांना लॅपटॉप दिले, तेही मोठे उपकार केल्याच्या थाटात.

पहिल्या आठवड्यापासून एकच रड. वीस मिनिटं टाइप करून फाइल पाठवायला जावं, तर नेट गेलेलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की यायचं, पण तोवर वेळ टळलेली आणि माझ्या नावापुढे 'उशीर' असा शेरा. तक्रार केली की टीम लीडर म्हणायचा, "मॅडम, सीरियल बघत काम केलं की असंच होतं." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान हा माणूस! आमच्या घरी दुपारी टीव्ही लागत नाही हे याला कोणी सांगायचं, आणि का सांगायचं?

महिनाभर मागे लागल्यावर त्यांचा इंजिनिअर आला. दार मी उघडलं, लॅपटॉप मी पुढे केला, आणि हा बोलत होता माझ्या नवऱ्याशी. "साब, लॅपटॉप में कुछ खराबी नै है. घर के दीवारां मोटे हैं. मॅडम कू बोलो, राउटर के पास बैठना."

"राउटरच्या शेजारी बसूनही तुटतं," मी म्हटलं. "अर्धा तास थांबा, दाखवते."

तो हसला, नवऱ्याचीच सही घेतली आणि गेला.

"अहो, तुम्ही तरी बोलायचं!"

"अगं, इंजिनिअर आहे तो. त्याला कळत असणारच," हे म्हणाले. त्या दिवशी मी यांच्याशीही धड बोलले नाही.

पुढच्या महिन्यात बहिणीची मुलगी मुलाखतीसाठी पुण्याहून आली. तिनं स्वतःचा लॅपटॉप माझ्याच टेबलावर, राउटरपासून दोन खोल्या पलीकडे उघडला. दिवसभरात तिचं नेट एकदाही तुटलं नाही.

"मावशी, भिंती तर मलाही त्याच आहेत," ती म्हणाली.

दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून आम्ही सेटिंग्ज ओळीनं ताडून पाहिली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस अडॅप्टर, म्हणजे लॅपटॉपमधला नेट पकडणारा भाग, उघडला. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची संगणकाला मुभा द्यावी का, अशी तिथे एक चौकट होती. तिची रिकामी, माझ्या चौकटीत बरोबरची खूण. शिवाय माझी वीजबचत सर्वांत वरच्या टोकाला नेऊन ठेवलेली. म्हणजे मी टाइप करत असताना अडॅप्टर झोपायचा, आणि फाइल पाठवायच्या वेळी उठायचा नाही. खूण काढली, बचत बंद केली. दुसऱ्या दिवशी नऊ ते पाच नेट हललं नाही.

आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

माझ्याबरोबर ट्रेनिंग घेतलेल्या दोघी मैत्रिणींना फोन केला. दोघींच्याही लॅपटॉपवर तीच खूण. ऑफिसनंच सगळ्यांना तसे लॅपटॉप दिले होते. तिसरी मैत्रीण नांदेडकडची, अंबरपेठेत राहणारी. तिनं दोन महिन्यांपूर्वीच काम सोडलं होतं. मी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं.

"ताई, मला वाटलं माझेच हात संथ आहेत," ती म्हणाली. "सासरी म्हणाले, तुला झेपायचं नाही ते. मला पण पटलं."

तिथून मी थेट ऑफिस गाठलं.

"इंजिनिअर बघतील, मॅडम," टीम लीडर म्हणाला.

"इंजिनिअरनं बघून झालंय. भिंती बघून गेलाय तो. आमचे शेरे पुसा, आणि यापायी जिनं काम सोडलं तिला, चूक ऑफिसची होती असं लेखी द्या."

आठवड्यानं सगळ्यांना मेल आला: इंजिनिअरांनी मेहनतीनं दोष शोधून काढला आहे. माझा उल्लेख नाही, माफीचा शब्द नाही. शेरे पुसले गेले. पत्रासाठी मात्र मला आणखी तीनदा जाऊन उभं राहावं लागलं. त्यात चूक ऑफिसची होती असं कबूल करून तिला कामावर परत बोलावलं होतं.

ती गेली नाही. जामबागच्या एका शाळेच्या कार्यालयात तिला नोकरी लागली होती. पत्र मात्र तिनं घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.